कामिनो सारियापासून सुरू होत नाही

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या पदयात्रेची, म्हणजे ‘कामिनो’ची, माहिती देणारा लेख प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाला या यात्रेबद्दल कुतूहल वाटू लागले आहे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु यात्रेला सारिया या गावापासून प्रारंभ होतो, सहा दिवसांत ती पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळते आणि मुक्कामाची नीट सोय हवी असेल तर सहल कंपनीमार्फतच जावे, अशी जी तीन विधाने त्यात आली आहेत, ती वाचून हजार वर्षांहून जुन्या वाटेचा शेवटचा सातवा हिस्सा म्हणजेच सगळी वाट, असा समज कोणाचाही होईल. मी हा हिस्सा दोनदा चालले आहे. २०१८च्या मे महिन्यात यजमान आणि मी एका सहल कंपनीबरोबर सारियापासून सांतियागोपर्यंत गेलो, आणि २०२३च्या सप्टेंबरात आम्ही दोघेच, पाठीवर सॅक घेऊन, आस्तोर्गा या गावापासून चाललो. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर क्षमस्व.

आधी वाटेबद्दल थोडे. सांतियागो म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी सेंट जेम्स. त्यांची कबर स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसिया प्रांतात आहे, अशी श्रद्धा नवव्या शतकात रुजली. बिशप तेओदोमिरो यांनी त्या कबरीला मान्यता दिली आणि आस्तुरियासचा राजा दुसरा अल्फोन्सो ओव्हिएदोहून तिच्या दर्शनाला आला, असे परंपरा सांगते. पुढे युरोपभरातून लोक चालत येऊ लागले. बाराव्या शतकात तर या यात्रेकरूंसाठी नद्या, पूल, मुक्कामाची गावे आणि कुठले पाणी पिऊ नये याची माहिती देणारी लॅटिन मार्गदर्शिकाही तयार झाली होती. आज सर्वाधिक चालली जाणारी ‘फ्रेंच वाट’ पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या सां-झाँ-पिए-द-पोर या फ्रेंच गावापासून सुरू होते आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून सांतियागोच्या कॅथेड्रलपाशी संपते. धडधाकट माणसाला त्यासाठी महिना ते पाच आठवडे लागतात. सारिया हे गाव या वाटेवर शेवटच्या सुमारे ११५ किलोमीटरवर येते.

मग सारियालाच एवढी गर्दी का, याचे कारण प्रमाणपत्राच्या नियमात आहे. कॅथेड्रलच्या यात्रेकरू कार्यालयातून मिळणाऱ्या ‘कोंपोस्तेला’ या लॅटिन प्रमाणपत्रासाठी पायी चालणाऱ्याने किमान १०० आणि सायकलवरून येणाऱ्याने किमान २०० किलोमीटर अंतर कापलेले असावे लागते, आणि यात्रेकरूच्या पुस्तिकेवर रोज दोन ठिकाणचे शिक्के असावे लागतात. फ्रेंच वाटेवर शंभराची अट पूर्ण करणारे, रेल्वे स्थानक असलेले, सोयीचे गाव म्हणजे सारिया. त्यामुळे आज सांतियागोला पोहोचून नोंद करणाऱ्या दर चारांतला किमान एक जण सारियाहून निघालेला असतो. किमान पात्रता म्हणून ठरवलेली अट अशी हळूहळू यात्रेचीच लांबी होऊन बसली. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांचे जे झाले तेच हे, असे निवृत्त शिक्षिका म्हणून मला म्हणावेसे वाटते.

लेखात या यात्रेला ‘युरोपची वारी’ म्हटले आहे. मी फलटणची आहे. माउलींची पालखी दर वर्षी आमच्या गावी मुक्कामाला असते आणि माझ्या लग्नापासून आजतागायत त्या रात्री आमच्या ओसरीवर झोपायला जागा राहिलेली मला आठवत नाही. म्हणून ही तुलना मला जवळची वाटते आणि खटकतेही. वारी तिथीने बांधलेली असते. वारकरी आपल्या दिंडीत, आपल्या क्रमांकाने, टाळाच्या ठेक्यावर चालतो, आणि एकटा वारकरी ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. कामिनोला कोणत्याही दिवशी, कोणत्याही गावातून, एकट्याने निघता येते आणि मध्येच थांबताही येते. मात्र एक गोष्ट दोन्हींकडे सारखी आहे, ती म्हणजे वाटेवरच्या गावाने चालणाऱ्याला आपला मानणे. लेखकाने तुलना केली खरी, पण नेमकी हीच गोष्ट त्यातून निसटली, कारण सहल कंपनीच्या कार्यक्रमात तिला जागाच नसते.

२०१८ साली आमच्या बाबतीत असेच झाले. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही. तिने जे कबूल केले ते सर्व दिले, म्हणून तक्रार अशी नाही. रोज सकाळी हॉटेलात न्याहारी, मग बसने वाटेवर सोडणे, दर सात-आठ किलोमीटरवर बस उभी, ज्याला थकवा आला त्याने चढावे, दुपारी चारपर्यंत पुन्हा हॉटेल. आमचा मार्गदर्शक सकाळीच सगळ्यांच्या पुस्तिका गोळा करी आणि पहिल्याच कॅफेत बावीस पुस्तिकांवर एका दमात शिक्के मारून आणी. चालताना माझ्याजवळ पुस्तिका नसेच. शिक्का मारणाऱ्या माणसाकडे पाहून हसावे, त्याने ‘कुठून आलात’ विचारावे, एवढा प्रसंगही सहा दिवसांत आला नाही. शेवटच्या दिवशी कार्यालयात जाण्यापूर्वी, यात्रेचा हेतू विचारला तर ‘धार्मिक’ म्हणूनच सांगा, नाहीतर वेगळे प्रमाणपत्र देतात, अशी तंबीही आम्हाला मिळाली. ते प्रमाणपत्र आमच्या घरी आहे, पण भिंतीवर लावलेले नाही.

त्या सहलीतली एकच जागा मनात राहिली, ती म्हणजे पोर्तोमारीन. १९६०च्या दशकात मिन्यो नदीवर बेलेसारचे धरण झाले तेव्हा जुने गाव पाण्याखाली जाणार म्हणून तिथले किल्ल्यासारखे भक्कम दगडी चर्च एकेक चिरा उतरवून वर टेकडीवर पुन्हा उभारले गेले. चिऱ्यांवर त्या वेळी घातलेले क्रमांक आजही वाचता येतात. पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष दिसू लागतात. उजनीच्या पाण्यातून डोके वर काढणारे पळसदेवचे देऊळ ज्याने पाहिले आहे, त्याचे पाऊल त्या पुलावर आपोआप रेंगाळेल. आम्हाला तिथे वीस मिनिटे मिळाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण मला कोणी सोवळी समजू नये. सामान गाडीने पुढे पाठवण्यात मला काहीही गैर वाटत नाही. स्पेनमध्ये थोडे युरो घेऊन सॅक पुढच्या मुक्कामी पोहोचवण्याचे काम अनेक जण करतात, तिथले टपाल खातेसुद्धा करते. आपल्या दिंड्यांचे सामान तरी कशातून जाते? ट्रकमधूनच. साठीनंतर गुडघ्यांची काळजी घेणे हे पाप नव्हे. माझा आक्षेप बसगाडीला आहे, कारण ती दर दोन तासांनी तुम्हाला वाटेवरून उचलून वेगळ्या जगात नेते. रात्रीच्या हॉटेलालाही आहे, कारण यात्रेचा निम्मा भाग रात्री घडतो.

तो कसा घडतो हे मला पाच वर्षांनी कळले. आस्तोर्गा ते सांतियागो हे अंतर सुमारे २६० किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ आळंदी ते पंढरपूर. आम्ही ते पंधरा दिवसांत चाललो. आस्तोर्गा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सुमारे १,५०० मीटर उंचीवर ‘क्रुस दे फेरो’, म्हणजे उंच लाकडी खांबावरचा लोखंडी क्रूस लागतो. त्याच्या पायथ्याशी यात्रेकरूंनी आपापल्या गावाहून आणून टाकलेल्या दगडांचा ढीग आहे. आमच्याकडून फलटणच्या बाणगंगेच्या पात्रातला सुपारीएवढा एक गोटा तिथे गेला. मग उतार सुरू होतो, पाटीसारख्या सुट्या दगडांचा, आणि त्या उतारावर माझ्या टाचेची कातडी सोलली.

त्या रात्री डोंगरातल्या एका खेड्यातल्या धर्मशाळेत उतरलो. या धर्मशाळांना तिकडे ‘आल्बेर्गे’ म्हणतात. काही नगरपालिकांच्या, काही चर्चच्या, काही खासगी. दुमजली खाटा, एका खोलीत दहा ते तीस माणसे. सरकारी असेल तर साधारण १० युरो, आगाऊ आरक्षण नाही, एका रात्रीहून जास्त मुक्काम नाही, सकाळी आठच्या आत जागा रिकामी करायची. काही ठिकाणी दरच नसतो, पेटीत जे टाकाल ते. ही धर्मशाळा तसली होती. ती सांभाळणारे गृहस्थ सत्तरीचे, सेवेला पंधरा दिवसांसाठी आलेले. अशा सेवेकऱ्याला ‘ओस्पितालेरो’ म्हणतात आणि त्याने स्वतः कधीतरी ही वाट चाललेली असते. त्यांनी माझी टाच पाहिली, घमेल्यात कोमट मिठाचे पाणी आणून माझ्यासमोर ठेवले आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. रात्रीच्या जेवणाला मसूर होते. आम्ही मांस खात नाही हे माझ्या यजमानांनी खाणाखुणांनी सांगितले, तेव्हा त्या गृहस्थांनी पातेल्यात डुकराच्या मांसाचे तुकडे टाकण्याआधी आमच्यापुरती आमटी एका कढल्यात काढून ठेवली आणि कढले कोणाच्या हाती लागू नये म्हणून वर ताटली पालथी घातली. तेरा माणसांच्या पंगतीत कोरियाची एक मुलगी, दोन पोलिश भाऊ आणि एक जर्मन बाई होती. भांडी कोरियन मुलीने घासली, मी विसळली. पैशांची पेटी दाराच्या मागे अशा कोपऱ्यात होती, की कोण किती टाकतो हे कोणाला दिसू नये. माझ्या सासूबाई वारकऱ्यांना पिठले वाढताना पानाकडे पाहत, तोंडाकडे पाहत नसत, कारण मान वर करून पाहिले की तो लाजून कमी खातो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पेटीची जागा पाहून मला त्या आठवल्या.

मला आग्रहाने सांगायचे आहे ते मात्र त्यापुढच्या गावाबद्दल. व्हियाफ्रांका देल बिएर्सो हे गाव गालिसियाच्या डोंगराच्या अलीकडे वसले आहे. तिथल्या सांतियागो चर्चच्या उत्तरेकडच्या दाराला ‘क्षमेचे दार’ म्हणतात. मध्ययुगात जो यात्रेकरू आजारपणामुळे किंवा जखमेमुळे समोरचा डोंगर चढू शकत नसे, त्याने या दारापर्यंत येऊन पोहोचावे, त्याला सांतियागोला मिळणारीच पापमुक्ती इथे मिळे. सांतियागो इथून पायी जवळजवळ १८५ किलोमीटर लांब आहे! त्या काळाच्या चर्चने ही सवलत दिली आणि आजचा आपला पर्यटक मात्र शंभर किलोमीटरचा दाखला मिळावा म्हणून त्या दाराच्या कितीतरी पुढे, सारियात, थेट बसने जाऊन उतरतो, याची मला गंमत वाटते. हे दार एरवी बंद असते. २५ जुलै, म्हणजे सेंट जेम्स यांचा सण, ज्या वर्षी रविवारी येतो ते ‘पवित्र वर्ष’ मानतात आणि त्या वर्षी ते उघडतात. २०२१ हे तसे वर्ष होते, महासाथीमुळे ते २०२२ अखेरपर्यंत वाढवले गेले. पुढचे २०२७.

व्हियाफ्रांकानंतरची चढण संपते ती ओ सेब्रेइरो या सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या वस्तीत. तिथे गवताने शाकारलेली गोल दगडी घरे आहेत आणि चर्चजवळ एलियास वालिन्या या धर्मगुरूंचा अर्धपुतळा आहे. या वाटेवर पावलोपावली दिसणारे पिवळे बाण ही त्यांची कामगिरी. १९८०च्या दशकात, जेव्हा वर्षाला हजार-दोन हजारांपलीकडे कोणी सांतियागोला नोंद करत नव्हते, तेव्हा या माणसाने पिवळ्या रंगाचे डबे घेऊन झाडांवर, कुंपणांवर आणि गोठ्यांच्या भिंतींवर बाण काढत वाट पुन्हा जागी केली. १९८७ साली युरोप परिषदेने तिला युरोपचा पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले, १९९३ साली स्पेनमधला मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आला आणि २०२४ साली नोंद करणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. वालिन्या १९८९ सालीच वारले.

दुसऱ्या खेपेस सारियात शिरलो तेव्हा फरक पहिल्या तासातच जाणवला. तोवर दिवसभरात भेटणारे वीस-तीस चेहरे ओळखीचे झाले होते, आता शेकडो अनोळखी माणसे पुढे-मागे होती, सारख्या टी-शर्टातली शाळकरी मुले स्पीकरवर गाणी लावून चालत होती. मी त्यांना नावे ठेवत नाही, पाच वर्षांपूर्वी मीही त्याच घोळक्यात होते. मोंते दो गोसो, म्हणजे ‘आनंदाची टेकडी’, इथून पूर्वी यात्रेकरूंना कॅथेड्रलचे मनोरे प्रथम दिसत. वेळापूरजवळच्या टेकडीवरून पंढरीचा कळस दिसताच तुकोबा धावत सुटले आणि आजही दिंड्या तिथे धावा करतात, हे मनात येऊन मी यजमानांना म्हटले, चला. ते म्हणाले, टाच सांभाळ. आम्ही चालतच गेलो. कार्यालयात हेतू विचारला तेव्हा मी ‘धार्मिक आणि इतर’ असे सांगितले. समोरच्या स्वयंसेविकेने आमचा धर्म विचारला नाही.

ता. क. म्हणून सांगण्यासारखे एक: लेखासोबत कॅथेड्रलमधल्या भल्यामोठ्या धूपपात्राचे छायाचित्र आहे. पन्नास किलोंहून जड असलेले ते पात्र आठ जण दोराने झुलवतात, हे खरे, पण तो सोहळा रोज नसतो, ठरावीक सणांना किंवा कोणी खास देणगी दिली तरच होतो. तो हमखास पाहायला मिळेल अशा आशेने कोणी जाऊ नये.

आता २०२७चे पवित्र वर्ष येऊ घातले आहे आणि सहल कंपन्यांच्या जाहिरातींतून सारिया हे नाव वारंवार वाचायला मिळेल. ज्यांच्याजवळ आठ-दहा दिवसांचीच रजा आहे त्यांना माझे सुचवणे असे आहे, की शंभर किलोमीटरच चालायचे असतील तर ते आस्तोर्गा ते ओ सेब्रेइरो असे चालावेत. अंतर शंभराच्या थोडे वर भरते, सहा दिवस पुरतात, क्रुस दे फेरो, पोन्फेरादाचा टेम्पलर योद्ध्यांचा किल्ला, व्हियाफ्रांकाचे ते दार आणि वालिन्यांचे गाव हे सगळे वाटेत येते, आणि ओ सेब्रेइरोहून चार-पाच किलोमीटरवरच्या पेद्राफिताहून बस मिळते. प्रमाणपत्र मिळणार नाही. ज्याला ते हवेच असेल त्याने उत्तर किनाऱ्यावरच्या फेरोलहून निघणारी ‘इंग्रजी वाट’ पाहावी. ती सुमारे १२० किलोमीटर आहे, अटीत बसते आणि तिच्यावर सारियाच्या मानाने पुष्कळ कमी माणसे असतात. जुलै-ऑगस्ट टाळावा. गालिसियात पाऊस कधीही येतो, तेव्हा कोकणात नेतो तसा पावसाळी अंगरखा बरोबर असावा.

‘कंपनीमार्फतच जावे’ या सल्ल्यामागे मात्र एक खरी अडचण आहे आणि लेखकाने ती सांगायला हवी होती. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना मुक्कामाचे पुरावे मागतात आणि सरकारी धर्मशाळा तर आरक्षणच घेत नाहीत. कंपनीची सारी आरक्षणे तयार असल्याने आपला माणूस तिकडे वळतो. आम्ही यातून मार्ग काढला तो असा: खासगी धर्मशाळा आणि लहान खाणावळवजा घरे आरक्षण घेतात, त्यांत सगळ्या रात्रींची नोंद केली, रोजचे गाव आणि अंतर यांचा तक्ता केला, पायी यात्रा असल्याचे पत्र जोडले, आणि किमान ३० हजार युरोंचा जो प्रवास विमा लागतो तो काढला. व्हिसा मिळाला. ठरवलेल्या गावीच पोहोचायचे बंधन त्यामुळे पाळावे लागले, आणि डोंगरातली ती पेटीवाली धर्मशाळा टाचेच्या कृपेने, एक आरक्षण रद्द करून, मिळाली.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी, की फ्रेंच वाट सां-झाँ-पिए-द-पोर येथून सुरू होते, तिची लांबी सुमारे ७८० किलोमीटर आहे आणि सारिया हे तिच्यावरचे, शेवटून पाच-सहा दिवसांच्या अंतरावरचे एक गाव आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, फलटण
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)